वासाचं पाणी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माहीत असून बोललात, आणि तेही स्वतःच्या आईबद्दल.

गेल्या महिन्यात त्या सभागृहात मी मागून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कुणाची खाण्याची नळी ठेवायची आणि कुणाची काढायची याचा सल्ला देणाऱ्या समितीचे तुम्ही आता अध्यक्ष. माईक जवळ ओढून तुम्ही म्हणालात, "माझ्या आईला शेवटचं दीड वर्ष काहीही कळत नव्हतं. तिच्या कागदावर 'प्रतिसाद नाही' हे शब्द मी माझ्या हातानं लिहिलेत." माझ्या शेजारच्या बाईंनी पदरानं डोळे टिपले. मला तिथंच उठून बोलायचं होतं, उठलो नाही. म्हणून लिहितोय. मी आठवी नापास माणूस आहे, शुद्धलेखन तपासत बसू नका.

मला तुम्ही ओळखाल. धोंडीराम कुंभार. तुमच्या कोल्हापूरच्या बंगल्यातल्या टाकीत समुद्र भरायला यायचो तो, माशांच्या टाक्यांचा दुकानदार.

चौदा वर्षं झाली. त्या सोमवारी मी माईंच्या, म्हणजे तुमच्या आईच्या खोलीत गुडघ्यावर बसून छोट्या फ्रीजमधलं काचेचं भांडं भरत होतो. भांड्यात कोळंबी आणि माशांची अंडी, वाटून, गाळून, पिठल्याएवढी पातळ केलेली. ते भिंतीपलीकडच्या पोवळ्याचं खाणं.

पोवळं कुणी बघितलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. हॉलमधल्या सहा फुटी टाकीत खाऱ्या पाण्यात एक केशरी दगड होता आणि तो जिवंत होता. बाकीची पोवळी बहुतेक उजेडावर जगतात, वरचा दिवा लावला की त्यांचं भागतं. ह्या जातीला उजेडाचा काही उपयोग नाही. ह्याला भरवावं लागतं. त्या एका दगडावर एकशे बारा तोंडं होती आणि प्रत्येक तोंडाला वेगळा घास लागायचा. जे तोंड उपाशी राहील ते आक्रसायचं आणि काही दिवसांनी तिथं नुसतं पांढरं हाड दिसायचं. पहिले सहा महिने मी पिचकारीनं एकेकाला भरवलं. मग कंटाळून यंत्र बनवलं. खाणं फ्रीजमध्ये, नाहीतर दुपारपर्यंत सडतं. भांड्यात एक ढवळणी, नाहीतर साका तळाला बसतो. आणि रबरी नळी पिळत पिळत खाणं पुढं ढकलणारा एक पंप. भिंतीला भोक पाडून नळी टाकीत सोडली. रोज संध्याकाळी सहाला ढवळणी फिरायची आणि आधी वासाचं पाणी जायचं.

वासाचं पाणी हा शब्द माझा. हे पोवळं दिवसभर मिटून बसतं. तोंडाशी घास नेला तरी घेत नाही. आधी पाण्यात कोळंबीचा नुसता वास सोडायचा आणि पाव तास गप्प थांबायचं. मग एकेक तोंड उघडतं, झेंडू फुलावा तसं. सगळी उघडली की खरं खाणं सोडायचं.

पाहुण्यांना वास नको म्हणून फ्रीज तुम्ही माईंच्या खोलीत ठेवायला लावलात. तिला काय फरक पडतो, म्हणालात.

माईंच्या उशाशीही माझाच पंप होता. नाकातल्या नळीतून तासाला साठ मिली पातळ खाणं, आकडे बसवायला चार बटणं. पोवळ्याचं यंत्र बघून तुम्हीच म्हणालात, "आईला पण असंच करून दे, दवाखान्यातला पंप सारखा बिघडतो." मी छाती फुगवून करून दिला होता.

तर त्या सोमवारी मी झाकण लावत होतो आणि माईंची देखभाल करणाऱ्या सोनाक्का मागून म्हणाल्या, "धोंडीराम, ते झाकण परत उघड बघू."

"पहिल्यांदा वासानं डोकं उठतंय म्हणून तुम्हीच कुरकुरायचात की."

"उघड म्हटलं नव्हं."

उघडलं.

"आता माईंकडं बघ."

माई नेहमीसारख्याच. डोळे अर्धे मिटलेले, नजर छताला. पण तोंड उघडलेलं. खालचा ओठ पुढं आला होता आणि जिभेचं टोक त्या ओठापर्यंत येऊन थांबलं होतं.

"जांभई असेल," मी म्हटलं.

"रोज सहाला जांभई? तुझं ते ढवळायला लागलं की मागच्या भोकातनं वास येतोय खोलीत. की ह्यांनी तोंड उघडलंच. अर्धा तास तसंच. मग मिटत्यात." सोनाक्का गारगोटीकडच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. "माहेर देवगडचं हाय त्यांचं. कोळंबीवर वाढलेलं बाईमाणूस. विसरंल व्हय?"

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, तुमच्या मनाचे खेळ हायत."

मला मनाचे खेळ कळत नाहीत. मी यंत्रं बनवणारा माणूस. खरं-खोटं बघायची माझी एकच रीत, पुन्हा करून बघायचं. मंगळवारी मी दुपारी तीनला गेलो, सहाचा संबंध नको म्हणून. चार सारख्या वाट्या नेल्या. एकीत साधं पाणी, एकीत खारं पाणी, एकीत दूध, एकीत कोळंबीचं वासाचं पाणी. वर फडकी बांधली.

"ह्या क्रमानं नाकाजवळ धरा. कुठल्या वाटीत काय आहे ते मी सांगणार नाही."

"मला नाक हाय," सोनाक्का म्हणाल्या.

"नाकाला पदर लावा."

"आणि मला कशाला फसवायलाईस? माझी परीक्षा हाय का त्यांची?"

"दोघींची."

त्या हसल्या. पदर लावून त्यांनी वाट्या धरल्या. साधं पाणी, काही नाही. खारं पाणी, काही नाही. दूध, काही नाही. चौथीला तोंड उघडलं. वाट्यांचा क्रम बदलून पाच वेळा केलं. पाचही वेळा माईंनी एकाच वाटीला तोंड उघडलं. शेवटच्या वेळी मी वाटी बाजूला केली तर मान हलली. फार नाही, बोटभर. जिकडं वाटी गेली तिकडं.

मी वहीत तारीख घालून सगळं लिहिलं. सोनाक्कांनी खाली सही केली. सही येत असून अंगठाही उठवला, म्हणाल्या, "असूंदे, दोन्ही."

त्या संध्याकाळी तुम्ही टाकीसमोर बसला होतात. रोज तासभर बसायचात. काच स्वतः पुसायचात, कापड वेगळं ठेवलं होतं त्याच्यासाठी. भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नाही.

"साहेब, माईंना वास कळतोय."

मी वही पुढं केली. तुम्ही पूर्ण वाचलीत. अंगठा बघून थोडं हसलात.

"कुंभार, तुझं हे पोवळं विचार करतं का रे?"

"माहीत नाही, साहेब."

"मेंदूच नाही त्याला. तरी वास आला की तोंड उघडतं. उघडतं ना? आईचं तेच आहे. शरीर चालू आहे. आत कोणी नाही."

"मान वळवली त्यांनी, साहेब."

"सूर्यफूल वळवतं."

"पोवळ्याला भूक तरी लागते," मी म्हटलं.

"भूक हा आपला शब्द आहे." तुम्ही वही परत दिलीत. रागावला नव्हतात. "डोकं चांगलं आहे तुझं. शिकला असतास तर कामाला आलं असतं."

मी मान डोलावली. घरी जाईपर्यंत मला तुमचंच पटत होतं. मोठ्या माणसानं शांत आवाजात सांगितलं की आमच्यासारख्याला पटतं, आणि त्याचा राग पुढं वर्षानुवर्षं स्वतःवरच काढावा लागतो.

बुधवारी सकाळी तुम्ही दुकानातून बोलावून घेतलंत. माईंच्या खोलीच्या दारात उभे होतात, आत नव्हे, दारात.

"आईचं खाणं आजपासून बंद करायचं. पाणीही. भावांशी बोललोय, आणखी दोन डॉक्टरांचं मत घेतलंय." मग तुमचा आवाज खाली आला. "हे जगणं नाही, कुंभार. ती बोलू शकली असती तर तिनं हेच मागितलं असतं."

तेवढं बोलताना तुम्ही खोटं बोलत नव्हता. तेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल कुंभारानं एकच बाजू मांडली.

"मग बंद करा, साहेब. बटणं समोरच आहेत."

"तू कर. यंत्र तुझं आहे."

"बटण दाबायला यंत्र कळायला लागतंय होय?"

माणसाचं काळीज उघडून परत शिवणारे हात तुमचे. ते तुम्ही पाठीमागं बांधून उभे होतात. सोनाक्का पलंगाच्या पलीकडं चादरीचा कोपरा धरून उभ्या. मी जागचा हललो नाही.

"हॉलमधलं पोवळं," तुम्ही म्हणालात, "घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"तुम्हीच मागितलं होतं."

"आणलं कुणी?"

मी आणलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून, थर्मोकोलच्या खोक्यात, एस.टी.त मांडीवर घेऊन. पावती नव्हती. वर कुठं तुमचं नाव नव्हतं.

"वनखात्याचे लोक येतात माझ्याकडं प्रकृती तपासून घ्यायला," तुम्ही म्हणालात. "ओळखीचे आहेत."

माझी पोरगी दहावीला होती. धाकटा चौथीत. तुरुंग म्हणजे काय ते मी तिथून लंगडत परतलेल्या चुलत्याच्या पायांवरून बघितलेलं.

मी पंपाजवळ गेलो आणि साठाचं शून्य केलं.

शून्य केलं की त्यावरचा दिवा दोनदा लुकलुकायचा आणि बटण पुन्हा दाबावं लागायचं. झाडताना-पुसताना कुणाचा हात लागून माई उपाशी राहू नयेत म्हणून ती सोय मीच केली होती. दिवा लुकलुकला. मी पुन्हा दाबलं.

हे मी चौदा वर्षं माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला आत्ता कळेल.

पंप थांबल्यावर खोली एवढी गप्प झाली की भिंतीपलीकडच्या टाकीचं पाणी ऐकू यायला लागलं. तुम्ही "ठीक आहे" म्हणून गेलात. पोवळ्याच्या खाण्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून ते चालू राहिलं.

शनिवारी मी भांडं भरायला आलो. चार दिवस झाले होते. माईंचे ओठ फुटले होते आणि सोनाक्का कापसाच्या बोळ्यानं ते ओले करत होत्या. मला झाकण उघडवेना. सहा वाजायची वाट बघत तिथंच जमिनीवर बसलो. सहाला ढवळणी फिरली. वास आला, थोडाच. माईंनी तोंड उघडलं. तोंडाच्या कडा चिकटलेल्या, त्या सुटताना आवाज झाला.

"चालू कर ते," सोनाक्का पंपाकडं बघत म्हणाल्या.

"आक्का, मला अडकवतील ते. पोरीची परीक्षा आहे. तुम्हाला माहीत नाही त्यांचे हात कुठवर आहेत."

"माझ्याकडं बघून सांगू नगंस. त्यांच्याकडं बघून सांग."

मी माईंकडं बघितलं नाही.

"मग तुम्ही दाबा," मी म्हटलं. "मी आकडे सांगतो."

"दाबलं असतं. काल दाबत हुते. साहेबांनी पंपाची वायर काढून खिशात घातलीया." त्यांनी बोळा वाटीत टाकला. "तुला जोडता येतीया दुसरी. तुझं काय अडलंय?"

तुमच्या खिशातली वायर. तीही मी लिहून ठेवलीय. आणि दुसरी वायर माझ्या पिशवीत होती, तीही. वीतभर. मी ती बाहेर काढली नाही.

सोनाक्का मग हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी मी त्या भांड्यातलं दोन थेंब पाणी जिभेवर सोडलं. ठसका न्हाई लागला. गिळलं त्यांनी."

"मला सांगू नका हे."

"तुलाच सांगणार. दुसरं कोण हाय हितं?"

रविवारी तुम्ही लवकर घरी आलात. टाकीची नळी तुंबली होती म्हणून मला बोलावलेलं. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात. तुम्ही टाकीसमोर बसाल असं वाटलं. तुम्ही माईंच्या खोलीकडं गेलात आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंत. सहाला दोन मिनिटं कमी होती. मला तुमची पाठ दिसत होती आणि तुमच्या खांद्यावरून पलंगाचं उसं.

ढवळणी फिरायला लागली. मी मोजत होतो, सवयीनं. माझ्या हातापाशी, पाण्यात, एकेक केशरी तोंड उघडायला लागलं. खोलीत तुम्ही हलत नव्हता. पाव तास तुम्ही हलला नाहीत, साहेब. मग तुमचा उजवा हात वर गेला, तोंडापाशी, आणि परत खाली आला.

बाहेर आलात ते सरळ बेसिनकडं. साबण लावून हात धुतलेत, कोपरापर्यंत, शस्त्रक्रियेआधी धुतात तसे. आत कशालाही हात लावला नसताना. पुसत पुसत म्हणालात, "कुंभार, तो फ्रीज आजच्या आज गॅरेजमध्ये हलव."

"का, साहेब?"

"वास येतो."

"नळी लांब पडेल. मधल्या भिंतीला भोक पाडावं लागेल."

"पाड."

मी पाडलं. दिवस मावळायच्या आत फ्रीज गॅरेजमध्ये, नवी नळी जोडून, ढवळणी चालू. माईंच्या खोलीतलं जुनं भोक तुम्ही सिमेंटनं बुजवायला लावलंत, सुकेपर्यंत स्वतः थांबलात. त्या दिवशी पोवळ्याला खाणं पाऊण तास उशिरा मिळालं. तोपर्यंत सगळी तोंडं उघडीच होती.

सोमवारी सोनाक्का मला फाटकापाशी भेटल्या. त्यांना कामावरून काढलं होतं, दुसरी बाई ठेवली होती. हातात कापडी पिशवी.

"काल सहाचं तुझ्या हातानं बंद झालं," त्या म्हणाल्या. "आज जाताना थांबले हुते मी सहापतोर. वास न्हाई, काय न्हाई. तरी उघडलं त्यांनी. सवयीनं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तू म्हणायचास नव्हं, पोवळ्याला पण येळ कळती म्हणून."

मी म्हणायचो. खाण्याची वेळ पाळली की महिन्याभरात पोवळं वासाआधीच उघडायला लागतं. यंत्राची ती खरी करामत, असं मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो.

शुक्रवारी पहाटे माई गेल्या. दहावा दिवस. तुम्ही कागद भरलात. मी त्यानंतर तुमच्या घरी आलो नाही, पोवळ्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. सोनाक्का चार वर्षांमागं वारल्या. वही माझ्याकडं आहे, अंगठ्यासकट.

दुकान मी विकलं. आता शेतातल्या मोटारी दुरुस्त करतो, पाण्याशी तेवढाच संबंध. पण संध्याकाळी सहाला हातातलं काम थांबतं. मला कळत नाही थांबलेलं. बायको म्हणते, "अहो, तोंड मिटा, माशी जाईल." तेव्हा कळतं. घरात सुकट भाजायची मी बंद केली. कारण विचारलं तर पोट बिघडतं म्हणून सांगितलं.

मला कुणी विचारलं की कुंभार, तू ते बटण का दाबलंस, तर माझं उत्तर तयार आहे. भीतीनं दाबलं. पिशवीत वायर असून जोडली नाही, तीही भीतीनं. आत कुणी नाही हे मला पटलेलं नव्हतं. मी घाबरट निघालो. कुठल्याही कोर्टात, कुठल्याही समितीपुढं मी हे असंच सांगेन, आणि तिथं वनखात्याचे लोक बसले असले तरी चालेल.

आता तुमचं. सभागृहात तुमच्यासमोर तीनशे माणसं होती आणि त्यांतली काही घरी जाऊन आपल्या आईची नळी काढायची की नाही ते तुमच्या शब्दावर ठरवणार आहेत. त्यांना सांगा. त्या खोलीत सोनाक्कांना वासाची सवय झालेली होती. मी तर वासातच राहायचो. तुम्ही एरवी त्या खोलीत जातच नव्हता. चौथं माणूस त्या पलंगावर होतं, आणि तुमच्या कागदाप्रमाणे तिथं आत कोणी नव्हतं.

मग फ्रीज कुणासाठी हलवलात, साहेब? वास कुणाला येत होता?

उत्तर द्या.